कौरी पतंग: बीच्या आत वाढणाऱ्या एका आदिम पतंगाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुलपाखरे आणि पतंग यांच्या गणात आजवर सुमारे १,६०,००० जातींना नावे मिळाली आहेत. त्यांतल्या जवळपास सगळ्यांना सोंड असते. सोंड नसलेले, अजूनही जबडे बाळगणारे जे मोजके पतंग उरले आहेत, त्यांत कौरी पतंगाचा क्रमांक फार वरचा आहे. त्याच्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही आणि जे मिळते त्यात ‘आदिम’ या शब्दाने बराच घोळ घातलेला असतो. म्हणून ही प्रश्नोत्तरे जरा सविस्तर लिहिली आहेत.

कौरी पतंग म्हणजे नेमका कोणता पतंग?

‘अगॅथिफागा’ या प्रजातीतल्या पतंगांना कौरी पतंग म्हणतात. या प्रजातीत दोनच जाती आहेत. पहिली अगॅथिफागा क्वीन्सलँडेन्सिस, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातली. दुसरी अगॅथिफागा व्हिटिएन्सिस, फिजी, व्हानुआटू आणि सॉलोमन बेटांकडची. अगॅथिफागिडी या कुळात आज जिवंत असलेली ही एकमेव प्रजाती. म्हणजे अख्खे कुळ दोन जातींवर उभे आहे. दोन्ही जातींच्या अळ्या कौरी वृक्षाच्या बियांत वाढतात.

कौरी हे कसले झाड?

शंकुधारी वृक्ष, अॅगॅथिस प्रजातीतला, अरोकेरिया कुळातला. आग्नेय आशियापासून पश्चिम पॅसिफिकमधली बेटे, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडपर्यंत कौरीच्या निरनिराळ्या जाती पसरल्या आहेत. शंकुधारी म्हटले की सुईसारखी पाने डोळ्यांपुढे येतात, पण कौरीची पाने रुंद, जाड आणि चामट असतात. मादी शंकू गोल असतो. पिकला की तो झाडावरच सुटा होतो आणि एकेका खवल्याबरोबर पंख असलेली एकेक बी वाऱ्यावर निघते. या लेखातली जवळजवळ सगळी हकिगत त्या एका बीच्या आत घडते, म्हणून शंकूची ही रचना लक्षात ठेवावी.

क्वीन्सलँडमधली जात अॅगॅथिस रोबस्टा. तिचे जंगल दोन वेगळ्या तुकड्यांत विभागलेले आहे. दक्षिणेकडे के’गारी बेट (पूर्वीचे फ्रेझर बेट) आणि आसपासचा किनारी भाग, तर उत्तरेकडे अॅथर्टन पठाराचा परिसर. फिजीतली जात अॅगॅथिस मॅक्रोफायला, तिथले लोक तिला ‘डाकुआ मकाद्रे’ म्हणतात.

हा पतंग शास्त्राला कधी माहीत झाला?

१९५२ साली. न्यूझीलंडचे कीटकशास्त्रज्ञ लायोनेल जॅक डंबलटन यांनी या प्रजातीचे आणि तिच्यातल्या दोन्ही जातींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांनी तिला मायक्रोप्टेरिजिडी या जबडेधारी पतंगांच्या कुळात ठेवले होते. त्या काळी तो निर्णय अगदी रास्त होता, कारण जबडे असलेला पतंग म्हटला की तेच एक कुळ समोर यायचे. पुढे शरीररचनेचा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा वेगळेपण इतके निघाले की १९६७ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ नील्स पेडर क्रिस्टेन्सेन यांनी त्याला स्वतंत्र कुळ दिले. आदिम पतंगांच्या शरीररचनेवर क्रिस्टेन्सेन यांनी आयुष्यभर काम केले. आज या विषयात जी स्पष्टता आहे तिचा मोठा वाटा त्यांचा आहे.

इतक्या महत्त्वाच्या पतंगाची ओळख पटायला १९५२ उजाडावे लागले, यात फारसे नवल नाही. आकाराने लहान, रंगाने मातकट आणि आयुष्यातला मोठा काळ बीच्या कवचाआड. जंगलात उडताना तो क्वचितच नजरेस पडतो. त्याला शोधायचे तर बिया गोळा करून सांभाळत बसावे लागते.

‘आदिम’ म्हणजे मागासलेला का?

अजिबात नाही. हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो, म्हणून इथे थोडे थांबतो.

कौरी पतंग आज जिवंत आहे. त्याच्या वंशालाही उत्क्रांतीसाठी तेवढाच वेळ मिळाला आहे जेवढा एखाद्या रंगीत फुलपाखराच्या वंशाला मिळाला. ‘आदिम’ हे विशेषण अख्ख्या प्राण्याला न लावता त्याच्या एकेका अवयवाला लावावे. या पतंगाचे जबडे आदिम आहेत, कारण सगळ्या पतंगांच्या सामाईक पूर्वजाकडे तसे जबडे होते आणि बहुतेक वंशांनी ते गमावले. पण त्याच पतंगाची अळी पाहा. तिला पाय नाहीत. पूर्वजाच्या अळीला पाय होते. म्हणजे पाय जाणे ही नंतरची, कौरीच्या बीत राहण्यासाठी झालेली घडामोड. एकाच जिवात एक अवयव फार जुना आणि दुसरा बराच पुढे गेलेला. कौरी पतंग समजून घ्यायचा तर हा जुन्या-नव्याचा मेळ समजून घ्यावा लागतो.

मग त्याला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणायचे की नाही?

मी म्हणत नाही. त्या शब्दातून काळ थांबल्याचा भास होतो. बिनपायाची अळी आणि एकाच प्रजातीच्या झाडांवर संपूर्ण भिस्त ही काही थांबलेल्या काळाची चिन्हे नाहीत.

तो दिसतो कसा?

पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो पतंग वाटतच नाही, कॅडिस माशी (पतंगासारखाच दिसणारा, पण वेगळ्या गणातला कीटक) वाटते. अंग सडपातळ, रंग तपकिरी, मिशा लांब आणि धाग्यासारख्या, बसल्यावर पंख पाठीवर घराच्या छपरासारखे उतरते. नक्षी किंवा झळाळी नाही. मायक्रोप्टेरिजिडी कुळातले काही पतंग सोनेरी-जांभळ्या चकाकीचे असतात, तसा हा नाही.

कॅडिस माशी आणि पतंग यांचा काय संबंध?

फार जवळचा. पतंग-फुलपाखरांचा गण आणि कॅडिस माश्यांचा गण हे एकमेकांचे सर्वांत जवळचे नातेवाईक आहेत. दोघांचा पूर्वज एकच. त्यामुळे पतंगांच्या वंशवृक्षात बुडाजवळ फुटलेल्या फांद्या कॅडिस माश्यांसारख्या दिसाव्यात हे अपेक्षितच आहे.

ओळखायचे कसे, तर भिंगाखाली पंख पाहावा. कॅडिस माशीच्या पंखावर केस असतात, पतंगाच्या पंखावर खवले. खवला म्हणजे मुळात केसाचेच चपटे झालेले रूप. कौरी पतंगाच्या पंखावर खवले स्पष्ट असतात, त्यामुळे त्याची जागा पतंगांतच आहे याबद्दल शंका उरत नाही. अळ्या मात्र अगदी निराळ्या. कॅडिस माश्यांच्या बहुतेक अळ्या पाण्यात राहतात. पुष्कळशा जाती रेशमाने वाळूचे कण किंवा काड्या चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतात. कौरी पतंगाची अळी उंच झाडावरच्या बीत असते.

पंखांच्या रचनेत विशेष काय आहे?

दोन गोष्टी. बहुतेक पतंग-फुलपाखरांत पुढचा पंख मोठा आणि मागचा लहान असतो, आणि मागच्या पंखातल्या शिरा कमी झालेल्या असतात. कौरी पतंगात पुढच्या व मागच्या पंखांतल्या शिरांचा आराखडा बराचसा सारखा असतो. हे जुने लक्षण.

दुसरी गोष्ट पंख जोडण्याची. उडताना दोन्ही पंख एकत्र हलावेत म्हणून पुढारलेल्या पतंगांत मागच्या पंखावर एक ताठ राठ केस असतो आणि तो पुढच्या पंखाखालच्या पकडीत अडकतो. कौरी पतंगात तशी व्यवस्था नाही. त्याच्या पुढच्या पंखाच्या मुळाशी मागच्या बाजूला एक छोटी पाळी असते. हीसुद्धा जुनीच पद्धत.

याला खरोखर जबडे असतात? पतंगाला तर सोंड असते ना?

हो, प्रौढ कौरी पतंगाला जबडे असतात.

पतंगाची अळी चावून खाते हे सगळ्यांना माहीत असते. प्रौढ झाल्यावर मात्र बहुतेक पतंगांचे जबडे नाहीसे होतात किंवा नाममात्र उरतात. त्याऐवजी खालच्या जबड्यांचे दोन भाग, ज्यांना गॅलिया म्हणतात, लांब होतात, एकमेकांना जुळतात आणि त्यांची पोकळ नळी बनते. हीच ती गुंडाळता येणारी सोंड. फुलपाखराची सोंड दोन स्वतंत्र अर्ध्यांची बनलेली असते आणि कोषातून बाहेर आल्याबरोबर त्याला ती जुळवून घ्यावी लागते. ज्याने हे दृश्य एकदा पाहिले त्याला सोंड हा मुळात एक अवयव नव्हता हे वेगळे सांगावे लागत नाही.

कौरी पतंगात ही जुळणी झालेलीच नाही. गॅलिया आखूड आणि सुट्या राहिल्या. बाजूला लांब, सांधेदार स्पर्शके आहेत. तोंडाच्या भागांची मांडणी एखाद्या चावणाऱ्या कीटकासारखी आहे. ज्या तीन कुळांत सोंडेचा पत्ता नाही, त्यांतले हे एक. बाकीची दोन म्हणजे मायक्रोप्टेरिजिडी आणि हेटेरोबाथ्मिडी.

या तीन कुळांमुळे सोंडेचा इतिहास आपल्याला जिवंत नमुन्यांत पाहता येतो. चावणारे तोंड आणि शोषणारे तोंड यांच्यामधली पायरी फक्त कल्पनेत राहिली असती, जर हे थोडे पतंग टिकले नसते. त्यांचे मोल मला तरी कुठल्याही मोठ्या, देखण्या फुलपाखरापेक्षा कमी वाटत नाही.

सोंड फुलांमुळे आली का?

पूर्वी तसेच मानत. पण २०१८ मध्ये जर्मनीतल्या एका खोल विंधन-नमुन्यातून पतंगांच्या पंखांचे सूक्ष्म खवले मिळाले. वय सुमारे २० कोटी वर्षे, ट्रायासिक आणि ज्युरासिक या कालखंडांच्या सीमेवरचे. त्यांत काही खवले पोकळ होते. पोकळ खवले सोंडधारी पतंगांच्या शाखेत आढळतात. सपुष्प वनस्पतींचे निर्विवाद जीवाश्म त्यापेक्षा कितीतरी अलीकडचे आहेत. म्हणजे सोंड फुलांच्या आधीपासून होती असे दिसते. पाण्याचे थेंब, झाडाचा रस किंवा शंकुधारी वनस्पतींच्या बीजांडावर येणारे गोड थेंब टिपण्यासाठी ती उपयोगी पडली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे.

पतंगांच्या वंशवृक्षात कौरी पतंग नेमका कुठे बसतो?

अगदी बुडाशी, याबाबत एकमत आहे. फांद्या कोणत्या क्रमाने फुटल्या यावर मात्र वाद चालू आहे. शरीररचनेवरून पाहिले तर मायक्रोप्टेरिजिडी सर्वांत आधी वेगळे झाले आणि त्यानंतर अगॅथिफागिडी, अशी मांडणी दीर्घकाळ मान्य होती. जनुकांच्या तुलनेतून काही वेळा ही दोन्ही कुळे एकमेकांच्या अधिक जवळ येतात. इतक्या जुन्या फांद्यांचा क्रम लावणे अवघडच असते, कारण त्या थोड्याशा अंतराने फुटल्या आणि नंतर कोट्यवधी वर्षांच्या बदलांनी मूळच्या खुणा पुसट झाल्या.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने या गणाचा सामाईक पूर्वज सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा ठरवला आहे. कौरी पतंगाची जात इतकी जुनी आहे असा याचा अर्थ घेऊ नये. जुनी आहे ती फांदी.

त्याचे इतर जबडेधारी नातेवाईक कसे जगतात?

मायक्रोप्टेरिजिडीमध्ये दीडशेहून जास्त जाती आहेत. त्यांचे प्रौढ पतंग परागकण किंवा नेच्यांचे बीजाणू चावून खातात आणि अळ्या ओलसर जागी, पुष्कळदा शेवाळवर्गीय वनस्पतींवर वाढतात. हेटेरोबाथ्मिडी कुळातला हेटेरोबाथ्मिया दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागात सापडतो. त्याचा प्रौढ पतंग नोथोफेगस या झाडाचे परागकण खातो आणि अळी त्याच झाडाच्या पानात बोगदे करते.

तिन्ही कुळांचे प्रौढ तोंडाने एकमेकांजवळचे, पण अळ्यांचा संसार पूर्ण वेगळा: एकीचा ओल्या जमिनीलगत, दुसरीचा पानाच्या आत, तिसरीचा बीच्या आत. आदिम म्हणवणाऱ्या गटातसुद्धा जगण्याच्या एवढ्या तऱ्हा आहेत.

अळी कशी असते?

फिकट, गुबगुबीत आणि बिनपायाची. नेहमीच्या सुरवंटाला छातीच्या खंडांवर खऱ्या पायांच्या तीन जोड्या आणि पोटाखाली मांसल, आभासी पाय असतात. कौरी पतंगाच्या अळीला दोन्ही नाहीत. बी फोडून पाहणाऱ्याला ती सोंड्या भुंग्याची अळी वाटणे अगदी स्वाभाविक आहे, कारण तीही फिकट आणि बिनपायाची असते. भिन्न वंशांनी सारख्या जागी राहून सारखे रूप घेतले, याचे हे चांगले उदाहरण.

पाय का गेले असावेत?

जिच्या तिन्ही बाजूंना अन्न आणि चौथ्या बाजूला स्वतःच खाऊन तयार केलेली पोकळी, तिला चालत जायला जागाच नाही. फांदीवर पकड ठेवायची नाही, पान बदलायचे नाही. अशा ठिकाणी पाय वाढवण्यात शक्ती घालवून काही मिळत नाही. पानांत बोगदे करणाऱ्या एरिओक्रॅनिडी कुळातल्या अळ्यांनीही पाय गमावले आहेत. म्हणजे वनस्पतीच्या आत राहायला गेलेल्या पतंगांत हे वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे घडले आहे.

ती बीमध्ये नेमके काय खाते?

शंकुधारी वृक्षाच्या बीत गर्भाभोवती साठा केलेली एक पौष्टिक ऊती असते. ती मादी युग्मकधारीची, म्हणजे बीजांडातल्या अंडपेशी तयार करणाऱ्या भागाची, फलनाच्या आधीपासून तयार होत असलेली ऊती. तिच्यात स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि पिष्ट असते. रोपाच्या पहिल्या दिवसांसाठी झाडाने बांधून दिलेली ही शिदोरी अळी फस्त करते आणि त्यात बीचा गर्भही जातो. अशी बी रुजत नाही. बाहेरून मात्र ती पुष्कळदा धडधाकट दिसते.

कोषावस्था कुठे जाते?

बीमध्येच. आणि कोषाची रचना हा या पतंगाच्या शरीरातला, मला विचाराल तर, सर्वांत थक्क करणारा भाग आहे.

बहुतेक पतंग-फुलपाखरांचा कोष दुपट्यात घट्ट बांधलेल्या बाळासारखा असतो: पाय, मिशा, पंख सगळे अंगाला चिकटलेले, फक्त पोटाचे काही खंड वळवळतात. कौरी पतंगाच्या कोषात पाय, मिशा आणि पंखांची आवरणे सुटी असतात. शिवाय कोषाला मोठे, हलणारे जबडे असतात. आत तयार झालेला प्रौढ पतंग अजून कोषाच्या त्वचेतच असताना आपल्या स्नायूंनी ते जबडे चालवतो आणि बीतून बाहेर पडण्याची वाट मोकळी करतो.

याचे महत्त्व समजून घ्यायचे तर अडचण काय आहे ते पाहावे लागेल. प्रौढ पतंगाचे अंग नाजूक, पंखांवर सहज झडणारे खवले. असा जीव कठीण कवचातून स्वतःला ओढत बाहेर आला तर उडण्याआधीच निकामी होईल. कोषाची त्वचा इथे संरक्षक अंगरख्याचे काम करते. जबड्यांची झीज होते ती कोषाच्या जबड्यांची, प्रौढाच्या नव्हे. वाट मोकळी झाली की पतंग तो अंगरखा मागे टाकतो.

हलत्या जबड्यांचा कोष कॅडिस माश्यांतही असतो. त्यांना पाण्याखाली बांधलेल्या कोशातून सुटायचे असते. काम वेगळे, साधन तेच. एका सामाईक पूर्वजाकडून आलेली ही वारसाची वस्तू दोन्ही वंशांनी आपापल्या अडचणीसाठी वापरली.

हा पतंग बारा वर्षे बीमध्ये झोपून राहतो हे खरे आहे का?

खरे आहे, पण ‘प्रत्येक अळी बारा वर्षे झोपते’ असे समजू नका. ऑस्ट्रेलियाचे कीटकशास्त्रज्ञ मरे अप्टन यांनी १९९७ मध्ये क्वीन्सलँडच्या जातीत बारा वर्षांच्या सुप्तावस्थेची नोंद प्रसिद्ध केली.

सुप्तावस्था म्हणजे साधी झोप नव्हे. त्या काळात कीटकाची वाढ हार्मोनच्या पातळीवर रोखलेली असते. मेंदूकडून येणारा आदेश थांबतो, त्यामुळे कात टाकायला आणि कोषात जायला लागणारे हार्मोन पुरेसे तयार होत नाही. चयापचय अगदी मंद होतो आणि शरीरात साठवलेली चरबी थेंबाथेंबाने वापरली जाते. बीचे कवच अळीला सुकण्यापासून वाचवते. खाण्याची अवस्था संपलेली असल्यामुळे बाहेरच्या जगाकडून तिला काहीच लागत नाही.

पण इतके थांबून तिला मिळते काय?

अनेक जंगली वृक्षांप्रमाणे कौरीलाही दरवर्षी सारखे शंकू धरत नाहीत. एखाद्या वर्षी भरपूर, मग काही वर्षे तुरळक. ज्या पतंगाचे पोट एकाच झाडाच्या बियांवर अवलंबून आहे, त्याच्या सगळ्या पिल्लावळीने एकाच वर्षी बाहेर पडणे धोक्याचे. ते वर्ष नेमके वांझ निघाले तर अंडी घालायला शंकूच मिळणार नाहीत. काही लवकर बाहेर आले, काही उशिरा, काही फार उशिरा, तर एका वाईट वर्षाने वंश बुडत नाही. झाडाच्या लहरीपणाला कीटकाने दिलेले हे उत्तर आहे. बिया खाणाऱ्या इतर कीटकांतही अशी लांबलेली सुप्तावस्था आढळते.

हा विक्रम आहे का?

नाही. अमेरिकेतल्या युक्का वनस्पतीवर जगणाऱ्या प्रोडॉक्सस पतंगाच्या अळ्या २०, २५ आणि अगदी ३० वर्षांनीही प्रौढ झाल्याची नोंद कीटकशास्त्रज्ञ जेरी पॉवेल यांनी २००१ मध्ये केली.

झाडाला या पतंगाचा काही उपयोग होतो का?

परागीभवनासाठी तर नाहीच, कारण कौरीचे परागण वाऱ्यावर होते. इथे पुष्कळांची गल्लत होते. युक्का पतंगांपैकी काही जाती युक्काचे परागीभवन करतात आणि मोबदल्यात त्यांच्या अळ्या थोड्या बिया खातात, ही गोष्ट इतकी प्रसिद्ध आहे की बी खाणारा प्रत्येक पतंग झाडाशी असाच व्यवहार करत असेल असे लोकांना वाटते. कौरी पतंग फक्त घेतो. म्हणून तो वाईट ठरत नाही. जंगलात बी खाणारे असायचेच.

मग ही कीड समजायची का?

कौरीची रोपवाटिका चालवणाऱ्याच्या दृष्टीने पोखरलेली बी हे नुकसान आहे, त्यातून कौरीच्या बिया फार काळ रुजण्याजोग्या राहत नाहीत, त्यामुळे प्रत्येक चांगली बी मोलाची. बियांच्या प्रयोगशाळांत क्ष-किरणांनी बीच्या आतले पाहता येते आणि पोखरलेल्या बिया न फोडता वेगळ्या काढता येतात. नैसर्गिक जंगलात मात्र या पतंगामुळे कौरी नाहीशी होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. दोघांचा सहवास फार जुना आहे.

न्यूझीलंडच्या कौरीवर हा पतंग असतो का?

माहीत असलेल्या दोन्ही जातींपैकी एकही न्यूझीलंडची नाही. तिथल्या वायपोआ जंगलातल्या ‘ताने माहुता’ या महावृक्षामुळे कौरी म्हटले की न्यूझीलंड आठवते आणि हा प्रश्न येतो. तिथली कौरी ही वेगळी जात आहे. ती ज्या रोगाने मरत आहे तो मातीतून मुळांना लागणाऱ्या फायटोफ्थोरा अगॅथिडिसिडा या सूक्ष्मजीवाचा, कोणत्याही पतंगाचा नाही.

मादीच्या प्रजननसंस्थेत काही वेगळेपण आहे का?

आहे. फुलपाखरे आणि बहुसंख्य पतंगांत मादीला दोन वेगळी द्वारे असतात, एक मीलनासाठी आणि एक अंडी घालण्यासाठी. कौरी पतंगाच्या मादीत दोन्ही कामांसाठी एकच द्वार आहे. पतंगांच्या वर्गीकरणात या एका फरकाला मोठे स्थान आहे, कारण आजच्या जातींपैकी प्रचंड बहुसंख्य जाती दोन द्वारांच्या शाखेत मोडतात.

कौरी आणि या पतंगाचा संबंध किती जुना असेल?

झाडाच्या बाजूने पाहिले तर अॅगॅथिसचे उत्तम जीवाश्म अर्जेंटिनाच्या पॅटॅगोनियात मिळाले आहेत, सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे आणि त्याहूनही जुने. आज दक्षिण अमेरिकेत रानटी कौरी नाही. एके काळी दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया एकमेकांना जोडलेले होते आणि ही झाडे त्या सलग भूभागावर पसरली होती. आजचा पतंग त्या प्रचंड पट्ट्याच्या ऑस्ट्रेलिया-पॅसिफिककडच्या टोकाला आहे.

तो धोक्यात आहे का?

त्याचे नशीब झाडाशी बांधलेले आहे, तेव्हा झाडाकडे पाहावे. कौरीचे लाकूड सरळ, गाठीविना आणि कामाला सोपे, म्हणून क्वीन्सलँडपासून सॉलोमन बेटांपर्यंत त्याची बेसुमार तोड झाली. सॉलोमनमधल्या व्हानिकोरो बेटावर विसाव्या शतकात कित्येक दशके कौरीची तोड हाच मुख्य धंदा होता. अॅगॅथिस मॅक्रोफायला आज धोक्यातल्या वृक्षांच्या जागतिक यादीत आहे. क्वीन्सलँडची अॅगॅथिस रोबस्टा तुलनेने सुस्थितीत आहे.

झाडे वाचवताना एक गोष्ट सुटून जाते, ती मला सांगाविशी वाटते. बीज साठवणीसाठी गोळा केलेल्या बिया निवडताना पोखरलेल्या बिया कचरा म्हणून जाळल्या किंवा फेकल्या जातात. झाडाच्या संवर्धनासाठी ते योग्यच आहे. पण अख्ख्या कुळात दोनच जाती उरलेला एक जीव त्याच कचऱ्यात असतो. निदान थोड्या पोखरलेल्या बिया त्याच झाडाखाली परत ठेवाव्यात.

मी क्वीन्सलँडमध्ये राहतो. कौरीखालच्या बियांत हा पतंग शोधता येईल का?

येईल, धीर असेल तर. आधी ते झाड कुठे आहे ते पाहा. राष्ट्रीय उद्यानातून परवान्याशिवाय बी उचलता येत नाही. खासगी जागेतले किंवा रस्त्याकडेचे झाड असेल तर संबंधितांना विचारून खाली पडलेल्या बिया घ्या. एखाद्या बीला स्वच्छ, गोल छिद्र दिसले तर आतला जीव निघून गेला असे समजा. छिद्र नसलेल्या बियाच सांभाळण्यालायक. हवा खेळेल अशा जाळीच्या झाकणाच्या डब्यात त्या ठेवा, उन्हात नको आणि बुरशी येईल इतक्या दमट जागीही नको. डब्यावर ठिकाण, झाड आणि तारीख लिहा. ही चिठ्ठी नसेल तर पुढे निघालेल्या पतंगाचा अभ्यासाला जवळजवळ काही उपयोग नाही.

मग वाट पाहा. वर्षभरात काही निघाले नाही म्हणून डबा रिकामा करू नका. सुप्तावस्थेबद्दल वर लिहिले आहेच. पतंग निघाला तर जवळच्या संग्रहालयाच्या कीटक विभागाला कळवा. त्यांच्याकडे या पतंगाचे नमुने थोडेच असतात. बिया मात्र देशाबाहेर पाठवू नका. ऑस्ट्रेलियाचे आणि पॅसिफिक बेटांचे जैवसुरक्षेचे नियम याबाबत कडक आहेत, आणि जिच्या आत काय आहे हे बाहेरून दिसत नाही अशा बीच्या बाबतीत ते तसेच असायला हवेत.